मारुत परत आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

बाल्साबहाद्दर (ठाणे) यांचा प्रश्न

मी बाल्सा लाकडाची, रेडिओवर उडणारी विमानं बनवतो. सध्या टेबलावर एचएफ-२४ मारुत हे आपलं जुनं लढाऊ जेट आहे. आराखड्यावरून बरगड्या कापताना सगळ्यात जास्त वेळ धडाच्या मधल्या भागावर गेला. पंख जिथे जोडले जातात तिथे धड आत घेतलेलं आहे, कंबर काढल्यासारखं. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून केलेली ही योजना. मारुत बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आकाराला आलं आणि १९६१ च्या जूनमध्ये विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. लढाऊ जेटचा स्वतःचा आराखडा करायची देशाची ती पहिलीच वेळ.

आराखडा कुर्ट टँक यांचा. दुसऱ्या महायुद्धातलं फॉके-वुल्फ १९० हे जर्मन लढाऊ विमान यांचंच. ते १९५६ ला भारतात आले, सोबत थोडे जर्मन सहकारी आणि हाताखाली आपले तरुण अभियंते. विमान ध्वनीच्या वेगाच्या पुढे जाईल असा हिशोब होता, पण तो आफ्टरबर्नर (मागे जास्तीचं इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) असलेल्या ऑर्फियस १२ या इंजिनावर बेतलेला. त्या इंजिनाच्या विकासाचा खर्च भारताने उचलावा अशी इंग्लंडची अट होती आणि आपण ती मानली नाही. मग साधं ऑर्फियस ७०३ बसलं आणि मारुत आयुष्यभर कमी ताकदीवर उडलं. प्रशिक्षण विमानं धरून १४७ बनली. १९९० पर्यंत सगळी निवृत्त झाली.

वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एक मारुत उभं आहे. मापं पडताळायला मी तिथे जातो. शेजारून शाळांच्या सहली जातात, पोरं खाली उभं राहून फोटो काढतात, आणि मला दरवेळी वाटतं, हे यंत्र असं थांबायला नको होतं.

प्रश्न असा. आज तेजसमध्ये एफ-४०४ इंजिन आहे. मारुतमध्ये तशी दोन बसवून ते परत आणता येईल का? नसेल तर का नाही? आणि तुम्हाला एकच निवृत्त लष्करी यंत्र परत आणायची मुभा मिळाली तर कोणतं आणाल?

वास्कोकर

माझं मत सी हॅरियरला, नौदलाच्या जेटला. १९८३ च्या डिसेंबरात पहिली सी हॅरियर दाबोळीला उतरली, तेव्हापासून आमच्या घरात कुणी 'आवाज कसला' असं विचारलं नाही. बाकीची विमानं धावपट्टीवर येतात आणि पुढे निघून जातात. हे हवेत थांबायचं, नाक किंचित हलवायचं आणि सरळ खाली बसायचं. तेवढा वेळ खिडकीच्या काचा थरथरत असायच्या. ११ मे २०१६ ला हंसा तळावर निरोप झाला. आता बोगमाळोच्या वाटेवर नौदलाच्या विमान संग्रहालयात ते उभं आहे. शेजारी अलिझे आणि सी हॉक ही विमानं आहेत, जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरची.

आणि हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत एका निवृत्त मरीन वैमानिकाने ब्रिटिश नौदलाचं काढून टाकलेलं सी हॅरियर विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि २००७ मध्ये उडवलं. एका माणसाने, स्वतःच्या पैशाने. मग आपलं सरकार एक उडतं का ठेवू शकत नाही?

रणगाडाप्रेमी

सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला. स्क्वॉड्रन कमी पडतायत अशी ओरड रोज ऐकतो. अशा वेळी आपलं स्वतःचं, दोन इंजिनांचं, लोंगेवाला जिंकून दिलेलं विमान नव्या अवतारात आणायला काय हरकत आहे? आराखडा आपलाच आहे. कुणाला परवानगी मागायला नको.

फिटर कराडकर

बाल्साबहाद्दर, प्रश्न वाचल्यापासून डोक्यात घोळतोय. जरा लांबण लागेल, वेळ काढून वाचा.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. १९६८ ला भरती झालो आणि नोकरीतला मोठा काळ जोधपूरला मारुतवर गेला. आम्ही पॅनेल उघडणारी, हायड्रॉलिकचे पाइप बदलणारी, टायर चढवणारी माणसं. त्यामुळे मी सांगतोय ते विमानाच्या पोटाखालून बघितलेलं आहे.

आधी एफ-४०४ चं बघू. ऑर्फियसचं वजन पावणेचारशे किलोच्या आसपास आणि लांबी दोन मीटरच्या आत. एफ-४०४ टनभर वजनाचं आणि जवळजवळ चार मीटर लांब. दोन बसवली की विमानाच्या मागच्या भागात सव्वा टनाची भर पडली. गुरुत्वमध्य मागे सरकला. तो पुढे आणायला नाकात वजन घाला. वजन वाढलं की पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे आतला कणा, जाड करा. स्पार बदलला की चाकांचे पाय बदला, कारण उतरताना सगळा मार तेच खातात. नव्या इंजिनाला हवा कितीतरी जास्त लागते, म्हणजे दोन्ही बाजूंची हवेची तोंडं रुंद करा. तोंडं रुंद केली की तुम्ही ज्या कमरेवर एवढा वेळ घालवलात ती कंबर गेली. एवढं सगळं केल्यावर जे उरतं त्याला तुम्ही मारुत म्हणाल का? मी म्हणणार नाही.

हे काही आजचं शहाणपण नाही. त्या काळात इंजिनासाठी सगळी दारं ठोठावून झाली होती. इजिप्तमध्ये फर्डिनंड ब्रांडनर नावाचे ऑस्ट्रियन अभियंते ई-३०० इंजिन बनवत होते. आपलं एक मारुत तिकडे हेलवानला नेलं, त्यात एका बाजूला ई-३०० आणि दुसऱ्या बाजूला ऑर्फियस बसवून १९६७ मध्ये उडवलं. त्याच जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं आणि दोन वर्षांत तो प्रकल्पच बंद पडला. मग बंगळूरला ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडून बघितला. त्यासाठी धडाचं शेपूट रुंद करावं लागलं आणि वाढलेल्या जोरातला बराचसा भाग त्या रुंदीने वाढलेल्या हवेच्या विरोधातच गेला. त्याच प्रकारच्या विमानात १० जानेवारी १९७० ला सुरंजन दास गेले. बंगळूरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. रोज हजारो गाड्या जातात त्यावरून. कितीजणांना ठाऊक असेल, कुणास ठाऊक.

रणगाडाप्रेमी, १९७१ च्या युद्धातल्या लोंगेवालाचं श्रेय जैसलमेरच्या हंटर विमानांचं आहे, ते त्यांना द्या. मारुतच्या वाट्याला खरं काम आलं ते त्याच्या दक्षिणेला, सिंधच्या बाजूला. १० आणि २२० या दोन स्क्वॉड्रन जोधपूर आणि उत्तरलाईहून उडत होत्या. नयाछोरकडचे तोफांचे मोर्चे, रणगाडे, रेल्वेच्या गाड्या, दारूगोळ्याचे साठे. जमिनीलगत, वेगात. ७ डिसेंबरला स्क्वॉड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मारुतमधून पाकिस्तानचं एक सेबर विमान पाडलं अशी आपली नोंद आहे. अख्ख्या युद्धात हवाई लढतीत एकही मारुत गेलं नाही. उडताना जी गेली ती जमिनीवरून झालेल्या माऱ्यामुळे.

हे का जमलं ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. खाली, जाड हवेत, हे विमान रुळावरून चालल्यासारखं जायचं. पायलट उतरले की सांगायचे, निशाणा धरल्यावर ते हलत नाही. दोन इंजिनं असल्यामुळे एक गेलं तरी दुसऱ्यावर घर गाठता यायचं, आणि गाठलंयही. हायड्रॉलिक गेलं तर दांड्यांच्या जोरावर हाताने चालवायची सोय होती. आमच्यासमोर शेपटाला भोक पडलेलं विमान आलं, पायलट शिडीवरून उतरले, पंखाखालून फेरी मारून भोक बघितलं आणि धडावर थाप मारून ब्रीफिंगच्या खोलीत निघून गेले. आम्ही पॅनेलं उघडली तेव्हा आतली केबल अर्धी तुटलेली. उरलेल्या अर्ध्या तारांवर ते आलं होतं.

जोधपूरच्या उन्हात दुपारी पंखावर तळहात टेकवता यायचा नाही. खोलायची कामं पहाटे उरकायची. वाळू प्रत्येक बिजागरीत शिरायची, ग्रीसमध्ये मिसळून तिची कानस व्हायची. रोज पुसायचं, रोज नवं ग्रीस. काम संपलं की अवजारं मोजायची. एक स्क्रूड्रायव्हर कमी भरला तर तो सापडेपर्यंत फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही नाही आणि विमान हलणार नाही. हा नियम माझ्या हाडात मुरलाय. आजही घरात पाना वापरला तर जागेवर गेल्याशिवाय मी जेवायला बसत नाही.

आता माझं उत्तर. मारुत लढायला परत आणायची गरज नाही. तो काळ संपला. आज खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं गल्लीबोळात पोचलीत, तिथे जमिनीलगत सरळ रेषेत जाऊन तोफ मारणारं विमान पाठवणं म्हणजे पोरांना मारायला पाठवणं आहे. सुधारणा करून ते सुटत नाही.

पण परत आणायचं म्हणजे फक्त लढायलाच का? माझी इच्छा अशी आहे की देशात एक, फक्त एक मारुत, स्वतःच्या मूळ इंजिनांवर चालू व्हावं. उडू नये. धावपट्टीवर स्वतःच्या जोराने फिरावं, दोन ऑर्फियस एकत्र चालू झाल्याचा आवाज लोकांनी ऐकावा आणि बंद करून परत हँगरमध्ये जावं. वर्षातून एकदा. तेवढं मला पुरे आहे.

आणि हे अशक्य नाही, कारण इंजिन अजून आपल्या ओळखीचं आहे. नॅट, अजित आणि किरण मार्क २, या सगळ्या विमानांत ऑर्फियसच होतं. हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरतींच्या पथकाची लाल-पांढरी विमानं २०११ पर्यंत याच घराण्यातल्या इंजिनावर कसरती करत होती. सात टप्प्यांचा कॉम्प्रेसर, एका टप्प्याचं टर्बाइन, साधं आणि कणखर. ते खोलून जोडलेले हात आज साठीत आहेत. त्यांना शोधता येतं. मारुतच्या एअरफ्रेमवर काम केलेले आम्ही सत्तरी ओलांडून बसलोय. आमच्या तुकडीतले किती उरलेत हे मी दिवाळीच्या फोनवरून ओळखतो, आणि यंदा फोन लवकर संपले. म्हणून म्हणतो, करायचं तर आत्ता.

आपल्या हवाई दलाला हे पटतं याचा पुरावा आहे. एक डाकोटा, जुनं मालवाहू विमान, भंगारातून विकत घेऊन इंग्लंडमध्ये दुरुस्त केलं गेलं आणि २०१८ मध्ये उडत भारतात आलं. 'परशुराम' नाव आहे त्याचं, शेपटीवर व्हीपी ९०५, ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाची आठवण म्हणून. मारुतचं आणि डाकोटाचं नातंही जुनं आहे. इंजिन बसवायच्या आधी टँकसाहेबांनी मारुतचा पूर्ण मापाचा लाकडी ग्लायडर करवून घेतला होता आणि १९५९ पासून त्याला डाकोटाच दोर लावून वर ओढत न्यायचं. ओढणारं परत आलं. ज्याला ओढलं ते अजून चबुतऱ्यावर आहे.

वास्कोकर, सी हॅरियरच्या आवाजाबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटलं. पण हवेत थांबणारं विमान पुन्हा उडतं ठेवायचं तर त्याचं पेगासस इंजिन आणि ते विमान उडवायचा ताजा सराव असलेला पायलट, दोन्ही कायम हवेत. तिकडे ज्याने केलं तो स्वतः हॅरियरचा पायलट होता.

म्युनिककर मेधा

काका, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी म्युनिकजवळ राहते. इथे ओबरश्लाइसहाइमला डॉइचेस म्युझियमचं विमानांचं दालन आहे, जुन्या धावपट्टीवरच. तिथे आपलं मारुत आहे. आणि त्याच संग्रहात इजिप्तचं एचए-३०० आहे, विली मेसरश्मिट यांच्या आराखड्यावरचं छोटंसं विमान. ई-३०० इंजिन मुळात त्याच्यासाठी बनत होतं. म्हणजे एकाच इंजिनाची वाट बघणारी, दोन वेगळ्या देशांची दोन विमानं एका ठिकाणी आलीत. एचए-३०० चं १९६४ चं पहिलं उड्डाण भारतीय हवाई दलाच्या कपिल भार्गव यांनी केलं होतं, ऑर्फियसवर. मराठी पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते. राजवाडे नंतर बघता येतात.

चालू विमानांबद्दल मात्र सावध करावंसं वाटतं. इंग्लंडमध्ये व्हल्कन बॉम्बर लोकांच्या देणग्यांवर २००७ मध्ये पुन्हा उडवलं आणि २०१५ मध्ये थांबवावं लागलं. पैसे हे एकमेव कारण नव्हतं. ज्या कंपन्या तांत्रिक पाठिंबा देत होत्या त्यांनी तो काढून घेतला, कारण ते विमान जाणणारी माणसं निवृत्त होत चालली होती. त्याच वर्षी शोरहॅमच्या प्रदर्शनात जुनं हंटर रस्त्यावर कोसळलं आणि अकरा माणसं गेली. त्यातली बरीचशी विमान बघायलाही आली नव्हती, नुसती रस्त्याने जात होती. त्यानंतर तिथे जुन्या जेटच्या कसरतींवर कडक बंधनं आली. त्यामुळे 'उडू नये' हे तुमचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. व्हल्कनचीच दोन विमानं, साउथएंड आणि वेल्सबर्नला, स्वयंसेवकांनी जमिनीवर चालती ठेवली आहेत. एका फेरीला मी हजर होते. चार इंजिनं पूर्ण जोरात गेली तेव्हा छातीत जे होतं ते कुठल्याही व्हिडिओत येत नाही. शेजारी आजोबा नातवाला इंजिनांचे क्रम सांगत होते. उडायची गरज नाही, खरंच.

एचए-३०० आणि मारुत दोन्ही इथे फार नीट जपलेली आहेत, कोरड्या, बंद दालनात. आपल्याकडची बहुतेक उघड्यावर. तेवढा फरक मिटला तरी पुष्कळ होईल.

बाल्साबहाद्दर

कराडकर काका, मेधाताई, मनापासून आभार. एफ-४०४ चा विषय माझ्यापुरता मिटला. मूळ इंजिनांवर जमिनीवर चालवायची कल्पना मला जास्त आवडली.

ठाण्या-मुंबईतले आम्ही आठ-दहा जण मॉडेल बनवतो. आम्हाला सायन्स सेंटरला पत्र लिहायचंय. चालू करा म्हणून नाही, आधी निदान विमानाची तपासणी करू द्या म्हणून. काय बघायचं, कुठून सुरुवात करायची, सांगाल का? आणि तुम्ही याल का?

फिटर कराडकर

येईन. गुडघे शिडीला नाही म्हणतात, पण खाली खुर्ची टाकून बसेन आणि वर कुठला स्क्रू सोडायचा ते सांगेन.

पत्रात 'चालू करणे' हा शब्दच घालू नका. ते विमान मुलांसाठी ठेवलंय आणि तिथेच राहावं. समुद्र एवढा जवळ, इतके पावसाळे खाल्लेलं, ते चालायच्या स्थितीत असेल अशी आशा मी धरत नाही. चालू करायला कधी निवडलं गेलंच तर कोरड्या हवेत राहिलेलं निवडावं लागेल. वरळीच्या विमानाचं काम वेगळं आहे: गंज थांबवणं आणि नोंद करणं.

क्रमाने सांगतो. सगळ्यात आधी इजेक्शन सीट, म्हणजे संकटात पायलटला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची. मार्टिन-बेकरची असते, तिच्यात स्फोटक काडतुसं असतात. प्रदर्शनात ठेवताना ती काढलेली असतात, पण 'असतात' यावर कुणी कॉकपिटमध्ये हात घालायचा नाही. लेखी खात्री मागा. ती मिळेपर्यंत कॅनॉपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, स्पर्श करायचा नाही, आणि मिळाल्यावरही हवाई दलाचा शस्त्रविभागातला माणूस सोबत हवा.

मग पोटाखाली जा. नाकाच्या चाकामागे रॉकेटच्या पेटीची जागा आहे, तिथे पाणी साठतं का बघा. पाण्याची वाट मोकळी करणं एवढं एक काम केलं तरी विमानाचं आयुष्य वाढतं. पंखाच्या मुळाशी, जिथे तुमची ती कंबर आहे, तिथल्या रिव्हेटच्या ओळी बघा. अ‍ॅल्युमिनियम फुगून पापुद्रे सुटले असतील तर वरून रंग मारू देऊ नका. रंगाखाली ते दुप्पट वेगाने खातं. पापुद्र्यावर नखाने टोकरू नका, फक्त फोटो काढा, शेजारी पट्टी धरून.

त्यानंतर मागून दोन्ही नळकांड्यांत टॉर्च मारा. आत इंजिनं आहेत की रिकामी पोकळी, ते कळेल. इंजिन असेल तर टर्बाइनची पाती दिसतील. पक्ष्यांची घरटी असतील तर पावसाळ्याआधी काढा आणि जाळी बसवायला सांगा, हवेच्या तोंडांनाही.

आणि नंबर. रंगाखाली मूळ शेपूट क्रमांक असतो, पॅनेलांच्या आतल्या बाजूला पंचाने ठोकलेले आकडे असतात. प्रत्येक आकडा टिपून घ्या. मी जोधपूरला बरेच क्रमांक वहीत लिहिले होते, ती वही ट्रंकेत आहे. मुलगा रविवारी माळ्यावरून काढून देणार आहे. तुम्ही फोटो इथे टाका, शेपटीचे आधी, मी वहीशी ताडून बघतो.